किती जुनेरं भिजली?

बेळगाव म्हटलं की आपल्यापुढे सीमाप्रश्न उभा राहतो, नाहीतर कुंदा. निपाणी म्हटलं की तंबाखू आणि १९८१ चं आंदोलन. या भागात माझी साठ वर्षं गेली. पण जगभरच्या प्रसूतितज्ज्ञांना बेळगाव एका वेगळ्याच कारणानं माहीत आहे, हे मला अगदी अलीकडे कळलं. तेही माझ्या भाचीमुळे. ती नर्सिंग शिकते. एकदा सुट्टीत आली असताना तिच्या वहीत एक चित्र पाहिलं : आडवी झालेली बाळंतीण, कमरेला नाडीनं बांधलेली प्लास्टिकची चादर आणि चादरीच्या टोकाला निमुळती पिशवी. पिशवीवर दुधाच्या मापावर असतात तशा रेघा. मी विचारलं, "हे काय गं?" ती म्हणाली, "मावशी, बाळंतपणात किती रक्त गेलं ते मोजायचं. हे आपल्या बेळगावच्या डॉक्टरांनी केलेल्या कामातलं आहे, आम्हाला शिकवताना सांगितलं."

मला एकदम आज्जी आठवली.

आज्जीची धाकटी जाऊ बाळंतपणात गेली. पाचवीसुद्धा झाली नव्हती. घरात विचारलं तर "बाळंतरोगानं गेली" एवढंच उत्तर मिळायचं. त्या एका शब्दात ताप, धनुर्वात, रक्तस्राव, सगळं मावायचं. पण आज्जी मनात आलं की जरा जास्त सांगायची. "पोर झालं, वार पडली, सुईण हात धुवायला गेली. मी जुनेरं बदलत होते. एक भिजलं, दुसरं भिजलं, पाचवं घेतलं तवा तिचे ओठ पांढरे झालेले." आज्जीजवळ माप होतं, बघा. ते जुनेरांचं माप होतं. पण ते कुणी विचारलं नाही आणि कुठं लिहिलंही गेलं नाही. ती जुनेरं उकिरड्यात पुरली. सोयर होतं ना! घरच्या पुरुषांनी त्या खोलीचा उंबरा ओलांडायचा नाही, बाळंतिणीनं दीड महिना बस्तीची पायरी चढायची नाही, आणि तिच्या रक्ताला शिवायचं ते फक्त सुईणीनं, नाहीतर कपडे धुणाऱ्या बाईनं. ज्याला शिवायचंच नाही ते कोण मोजणार?

मी काही आज्जीच्या काळातली नव्हे. माझं दुसरं बाळंतपण दवाखान्यात झालं. "जरा जास्त गेलं," असं नर्स पुटपुटल्याचं मला आठवतं. त्यानंतर वर्षभर जिना चढताना माझ्या डोळ्यांपुढे अंधारी यायची. केसपेपर मी जपून ठेवला आहे. त्यावर 'नॉर्मल' असं लिहिलं आहे. म्हणून भाचीच्या वहीतलं ते चित्र मला सोडवेना. तिच्याकडून आणि मग मुलाकडून एकेक निबंध मिळवत गेले. इंग्रजी अडलं तिथं विचारलं. त्यातून जे समजलं ते माझ्या शब्दांत सांगते.

आधी शरीराचं गणित. नऊ महिने भरत आले की गर्भाशयाकडे दर मिनिटाला अर्धा लिटर, त्याहूनही थोडं जास्तच रक्त वाहत असतं. वार सुटून येते तेव्हा तिच्या जागी उघड्या रक्तवाहिन्या राहतात. त्यांना टाके घालणारं कुणी नसतं. गर्भाशयाचा स्नायूच आवळून त्यांना दाबून टाकतो. आपल्याकडे सुईणी ओटीपोट चोळून "गोळा घट्ट झाला का" बघायच्या, ते याचसाठी. गोळा सैल राहिला तर नळ उघडाच राहतो, आणि धडधाकट बाईसुद्धा दोन तासांत जाऊ शकते. निपाणीच्या आसपासच्या खेड्यातून वाहन मिळवून कोल्हापूर गाठायचं किंवा पाऊणशे किलोमीटरवरचं बेळगाव गाठायचं, तर दोन तास कसे सरतात ते आपल्याला कुणी सांगायला नको.

यावर उत्तम औषध म्हणजे ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन. पण ते थंडीत ठेवावं लागतं, ते टोचायला शिकलेला हात लागतो. आणि २००२ च्या सुमारास गावात बाळंतपणं करणाऱ्या नर्सबाईंना ते देण्याची मुभाच नव्हती. म्हणजे औषध होतं, पण जिथं बाई बाळंत होते तिथं ते पोचत नव्हतं. त्या वेळची देशाची अवस्था आकड्यात सांगायची तर २००१ ते २००३ या काळात एक लाख जिवंत जन्मांमागे ३०१ माता दगावत होत्या. महाराष्ट्राचा आकडा १४९, कर्नाटकाचा २२८. आपण सीमेच्या कुठल्या बाजूला आहोत याचा बायकांच्या जीवाशीही संबंध असतो. सीमाप्रश्नाच्या भाषणांत हे आकडे मी कधी ऐकले नाहीत, म्हणून इथं लिहिले.

बेळगावात १९१६ साली सुरू झालेल्या के.एल.ई. संस्थेनं १९६३ मध्ये जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय काढलं. एवढ्या वर्षांत आपल्यातल्या कितीतरी घरांतली मुलं तिथं डॉक्टर झाली. या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेनं माता-बालकांच्या आरोग्यासाठी एक 'ग्लोबल नेटवर्क' उभं केलं. गरीब देशांतलं एक केंद्र आणि अमेरिकेतलं एक विद्यापीठ अशा त्यात जोड्या होत्या. त्यातली एक जोडी बेळगावची. अमेरिकेच्या बाजूला डॉ. रिचर्ड डर्मन; बेळगावच्या बाजूला स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. भालचंद्र कोडकणी आणि डॉ. शिवप्रसाद गौडर.

गौडर यांच्याविषयी मला विशेष वाटलं ते असं, की ते बाळंतपणं करणारे डॉक्टरच नव्हेत. ते शरीरक्रियाशास्त्र, म्हणजे शरीर कसं चालतं ते शिकवणारे प्राध्यापक. कदाचित म्हणूनच, जे सगळ्यांनी रोजचं म्हणून सोडून दिलं होतं ते मोजायचं त्यांना सुचलं असेल. हा आपला माझा तर्क. एवढं खरं की त्या महाविद्यालयात माता-बालक आरोग्याच्या संशोधनाचं एक केंद्र उभं राहिलं, ते त्यांनी सांभाळलं, आणि पुढची वीस वर्षं जगातल्या मोठ्या वैद्यकीय नियतकालिकांत बेळगावचं नाव पुन्हा पुन्हा छापून येत राहिलं.

त्यांच्यापुढचा प्रश्न अगदी साधा होता. मिसोप्रोस्टॉल नावाची एक गोळी आहे. ती मुळात निघाली पोटातल्या अल्सरसाठी. तिनं गर्भाशय आवळतं, हे नंतर उपयोगात आलं. तिला फ्रीज लागत नाही, सुई लागत नाही, ती स्वस्त आहे. २००१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं अठरा हजारांहून जास्त बायकांवर केलेल्या अभ्यासात इंजेक्शनच सरस ठरलं होतं. पण तो अभ्यास इस्पितळांतला. जिथं इंजेक्शन नाहीच, तिथं ही गोळी काही नसण्यापेक्षा बरी का? हे विचारायचं तर खेड्यात, घरात, उपकेंद्रात जाऊन विचारायला हवं होतं.

आणि विचारण्याआधी मोजायला यायला हवं होतं. गोळीनं रक्त कमी गेलं की नाही हे ठरवणार कसं? सारवलेल्या जमिनीत मुरलेलं, गोधडीत शिरलेलं, पोटातल्या पाण्यात मिसळलेलं रक्त डोळ्यांनी कसं मापायचं? यासाठी ती चादर तयार झाली. बाळ बाहेर आलं, पाणी वाहून गेलं, की ती बाईच्या खाली सरकवायची, नाडी पोटाशी बांधायची. मग जे येईल ते फक्त रक्त, आणि ते पिशवीत. तिचं इंग्रजी नाव 'ब्रास-व्ही' असं काहीतरी पितळी आहे. मला वाटलं कंपनीचं असेल. तर तसं नाही. ज्या सात जणांनी मिळून ती बनवली त्यांच्या नावांची आद्याक्षरं जोडून ते केलं आहे. आपण भिशीच्या गटाला नाव देतो तसं! रक्त मोजायची कल्पना एकट्या बेळगावची नव्हे, पण खेड्यातल्या घरात चटईवर वापरता येईल, नर्सबाई पिशवीतून घेऊन जाईल, इतकी साधी वस्तू करणं हे काम इथलं.

चादरीचीही परीक्षा घेतली. बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात १२३ बायकांचे दोन गट केले. एकीत डोळ्यांनी अंदाज, दुसरीत चादर. निबंध २००६ चा आहे. त्यात निघालं असं, की डोळ्यांचा अंदाज चादरीच्या मापापेक्षा ३३ टक्क्यांनी कमी. इथं मी वाचायची थांबले आणि कागदावर आकडेमोड केली. अर्धा लिटर रक्त ही धोक्याची रेघ मानतात, म्हणजे दुधाची एक लहान पिशवी. तेवढं रक्त गेलं, तर डोळ्यांना दिसणार साधारण ३३५ मिली. म्हणजे बाई रेघ ओलांडून गेली तरी पाहणाऱ्याला ती अलीकडेच दिसते. शिकलेल्या, कामात मुरलेल्या डोळ्यांचीही ही गत. कुणी खोटं लिहीत नव्हतं. 'नॉर्मल' असंच दिसत होतं.

मग मुख्य अभ्यास. सप्टेंबर २००२ ते डिसेंबर २००५, बेळगाव जिल्ह्याची खेडी. १६२० बायका. ८१२ जणींना बाळ झाल्यावर लगेच मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या, एकूण ६०० मायक्रोग्रॅम. ८०८ जणींना तशाच दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या गोळ्या. कुणाला काय मिळालं हे ना बाईला ठाऊक, ना नर्सला. निकाल २००६ मध्ये लंडनच्या 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. औषध नसलेल्या गटात शंभरात १२ जणींना अर्धा लिटर किंवा जास्त रक्त गेलं. औषधाच्या गटात ६.४ जणींना. एक लिटरच्या वर जाणारा भयंकर स्राव १.२ टक्क्यांवरून ०.२ वर आला. दर अठरा बायकांना गोळी दिली की एकीचा रक्तस्राव टळला. थंडी वाजणं, ताप येणं हे त्रास गोळीच्या गटात जास्त झाले, पण ते थोड्या वेळानं गेले.

त्या निबंधावर बारा जणांची नावं आहेत. त्यातली पाच बेळगावची : कोडकणी, गौडर, विजया नाईक, बेल्लद, शोभना पट्टेद. ही नावं पुन्हा पुन्हा वाचली. शेजारच्या गल्लीतली माणसं वर्तमानपत्रात दिसावीत तसा आनंद झाला. पण त्याच निबंधाच्या सारांशात एक वाक्य आहे, आणि माझं मन तिथंच अडकलं : बाळंतपणं करणं, गोळी देणं आणि रक्त मोजणं हे काम २५ नर्सबाईंनी केलं. बस, एवढंच. तीन वर्षं, सोळाशे बाळंतपणं. बाळंतपण काही दिवस-रात्र बघून येत नाही. कळा सुरू झाल्याचा निरोप आला की पावसात, चिखलात, कुत्री अंगावर घेत, उसाच्या फडातल्या वाटेनं जायचं. बाळ बाहेर आलं की आत दुसरं नाही ना हे आधी तपासायचं. कारण आत जुळ्यातलं दुसरं असताना ही गोळी दिली तर अनर्थ. मग नाळ, मग गोळी, मग चादर. आणि मग तासभर, स्राव थांबला नाही तर दोन तास, त्या पिशवीकडे बघत बसून राहायचं. बाळाला हातात घेऊन सगळं घर पेढ्यांच्या गडबडीत असताना ती एकटी बाळंतिणीच्या पायाशी बसून. आज्जीची जाऊ गेली तेव्हा नेमकं हेच माणूस तिथं नव्हतं. माझ्या मते 'लॅन्सेट'मधल्या आकड्यांचा सगळा भार त्या पंचवीस जणींवर आहे. विद्वानांच्या जगात नाव येण्याचे नियम असतील, ते मला कळत नाहीत. पण नावं असायला हवी होती.

या निबंधाचा परिणाम काय झाला? एखाद्या विद्वानाचा प्रभाव त्याला किती जणांनी उद्धृत केलं यावर मोजतात म्हणे. मला तो औषधांच्या यादीत दिसला. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं आवश्यक औषधांच्या यादीत या कामासाठी मिसोप्रोस्टॉल घातलं. ऑक्सिटोसिन जिथं मिळत नाही किंवा नीट देता येत नाही तिथं वापरायला. बेळगावच्या जोडीला इतर देशांतलेही गावपातळीवरचे अभ्यास होते, पण त्या चर्चेत बेळगाव टाळून कुणाला पुढं जाता आलं नाही. भारत सरकारनंही घरीच बाळंत होणाऱ्या बायकांसाठी गावपातळीवर ही गोळी देण्याच्या सूचना काढल्या. त्यात संकोचही होता. ही गोळी गर्भपातालाही वापरतात, मग ती गावोगाव द्यायची कशी?

आता दुसरी बाजू. आपण अनेकांत मानणारी माणसं. एका बाजूनं बघून उठलं तर आपलं आपल्यालाच पटत नाही. हा सगळा मजकूर मी आमच्या महिला मंडळात सांगितला, तेव्हा एक जण ताडकन म्हणाली, "म्हणजे आठशे बायकांना पिठाची गोळी दिली? त्यातली एखादी गेली असती तर? परदेशातल्या बाईवर हे केलं असतं का?" मंडळात शांतता झाली. माझ्याजवळ तयार उत्तर नव्हतं. संशोधकांचं म्हणणं असं, की त्या गावांत तेव्हा नाहीतरी काहीच मिळत नव्हतं; उलट या बायकांना जवळ बसलेली, मोजणारी, वेळेवर पुढं पाठवणारी नर्स मिळाली. हे खरं आहे. आणि हेही खरं, की उत्तम इंजेक्शन जगाला माहीत असताना ते गावात पोचवण्याऐवजी दुसऱ्या क्रमांकाच्या औषधाचा शोध घेतला गेला. इंग्लंडमधल्या ॲलिसन पोलॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये जागतिक संघटनेचाच निर्णय तपासला आणि पुरावा पुरेसा नाही असं लिहिलं. रक्त कमी गेलं हे दाखवणं वेगळं आणि मृत्यू कमी झाले हे दाखवणं वेगळं. सोळाशे बायकांच्या अभ्यासातून मृत्यूबद्दल काही ठरवता येणारच नाही, त्याला फार मोठी संख्या लागते. मैत्रिणीचा प्रश्न मी इथं तसाच ठेवते. मला स्वतःला अभ्यास करणं योग्य वाटतं; पण ज्या दिवशी नर्सबाईंना इंजेक्शनची मुभा मिळाली त्या दिवशी पहिलं इंजेक्शन याच गावांत पोचायला हवं होतं, असंही वाटतं.

शिवाय काळ बदलला. 'जननी सुरक्षा'नंतर बायका दवाखान्यात जाऊ लागल्या. २०१९-२० च्या पाहणीत कर्नाटकात शंभरातली ९७ बाळंतपणं दवाखान्यात झालेली दिसतात. २०१८ ते २० मध्ये मातामृत्यूचा आकडा देशात ९७, कर्नाटकात ६९, महाराष्ट्रात ३३ वर आला. घरच्या बाळंतपणासाठी शोधलेल्या गोळीची निकड इथं तरी कमी झाली. चादरीची मात्र वाढली. हे जरा विचित्र आहे : औषध शोधायला निघालेल्या माणसांनी वाटेत केलेलं माप औषधापेक्षा लांब गेलं.

त्यालाही एक वळण आहे. युरोपातल्या तेरा देशांत पंचवीस हजारांवर बायकांचा अभ्यास झाला, २०१० मध्ये छापला गेला. रक्त धरायची पिशवी वापरली तर गंभीर स्राव कमी होतो का? नाही झाला. नुसतं मोजून काही होत नाही; ताप आला हे थर्मामीटरनं कळलं म्हणून ताप उतरत नाही, तसं. पुढं केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या ८० रुग्णालयांत दोन लाखांवर बायकांचा अभ्यास झाला. त्यात चादरीनं मोजायचं, आणि रेघ ओलांडली की ओटीपोट चोळणं, औषधं, सलाईन, तपासणी हे सगळं एकामागून एक न करता एकदमच सुरू करायचं. २०२३ मध्ये निकाल आला : गंभीर स्राव, त्यासाठी पोट उघडावं लागणं किंवा मृत्यू, हे सगळं मिळून जिथं ४.३ टक्के होतं तिथं १.६ वर आलं. जुन्या पद्धतीत रक्तस्राव झालेल्यांपैकी निम्म्याच बायका ओळखल्या जात होत्या. चादरीनं शंभरात ९३. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेनं सांगून टाकलं, की बाळंतपणात रक्त डोळ्यांनी अंदाजानं ठरवू नका, मोजखुणांच्या चादरीनं मोजा. आफ्रिकेतल्या चादरी बेळगावच्या नव्हत्या. पण डोळा तिसरा हिस्सा खातो, हे बेळगावच्या १२३ बायकांनी सतरा वर्षं आधीच दाखवून ठेवलं होतं.

गौडर यांचं बाकीचं काम इतकं आहे की एका लेखात मावायचं नाही. पहिलटकरणींना रोज थोडी ॲस्पिरिन दिली तर अपुऱ्या दिवसांची बाळंतपणं कमी होतात हे दाखवणारा सहा देशांतला अभ्यास, २०२० चा, त्यात त्यांचं नाव दुसरं आहे. पण मला जवळचा वाटला तो २०१३ मधला. कर्नाटकात ५९९ नर्स आणि बाळंतपणं करणाऱ्यांना एक गोष्ट शिकवली : बाळ रडलं नाही तर पहिल्या मिनिटात काय करायचं. पुसायचं, पाठ चोळायची, तोंडावर पिशवी धरून श्वास द्यायचा. आधीच्या ४१८७ आणि नंतरच्या ५४११ जन्मांची तुलना केली. मेलेलं जन्मलं अशी नोंद होणारी बाळं ३ टक्क्यांवरून २.३ वर आली. म्हणजे काय झालं ते लक्षात घ्या. 'मेलेलंच झालं' म्हणून कापडात गुंडाळून बाजूला ठेवलेली काही बाळं मेलेली नव्हतीच. महिन्याच्या आत दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण मात्र तसंच राहिलं, आणि निबंधात तेही सरळ लिहिलं आहे. आपल्या घरांत "दोन गेली, तीन राहिली" असं सांगणाऱ्या आज्ज्या आपण सगळ्यांनी पाहिल्या. त्या दोनांतलं एखादं नुसतं रडायचं राहिलं असेल का? हे वाचल्यापासून तो विचार डोक्यातून जात नाही.

मोजण्याचा हाच धागा पुढंही गेला आहे. ठरलेल्या गावांतली प्रत्येक गरोदर बाई नोंदवायची आणि बाळंतपणानंतर ४२ दिवसांपर्यंत तिची आणि बाळाची खबर ठेवायची, अशी नोंदवही या नेटवर्कनं सुरू केली. त्या नोंदवहीची मांडणी सांगणारा २०१२ चा निबंध गौडर यांचा. 'बाळंतरोगानं गेली' हा शब्द त्या वहीत चालत नाही. कधी, कशानं, कुठं, सगळं लिहावं लागतं.

एक गोष्ट आपल्या निपाणीकडे बघून मुद्दाम सांगते. अर्धा लिटर ही रेघ धडधाकट बाईसाठी. तंबाखूच्या वखारीत दिवसभर धूळ खात चाळण मारणाऱ्या बायका आपण लहानपणापासून बघत आलो. त्यांच्या लढ्यावर १९८२ मध्ये 'युगांतर' गटानं माहितीपटही केला. त्यातली कितीजणी आधीच पांढऱ्या पडलेल्या असत! अशा बाईला अर्धा लिटरपर्यंत जावंच लागत नाही, त्याच्या अलीकडेच ती कोसळते. बेळगावचा हाच गट पुढं गरोदर बायकांच्या रक्तक्षयावर, गोळ्यांऐवजी शिरेतून लोह देऊन बघण्याच्या मोठ्या अभ्यासात होता, कर्नाटकात आणि राजस्थानात. तो विषय मला चादरीपेक्षाही मोठा वाटतो, कारण रक्त जाण्याआधी मुळात अंगात असावं लागतं. आणि उपासाच्या दिवसांत आपल्या घरातल्या गरोदर सुनांना आपण काय सांगतो, हेही त्यात येतंच. त्यावर पुन्हा कधीतरी.

मागच्या महिन्यात भाची पुन्हा आली. आता ती एका दवाखान्याच्या प्रसूतीकक्षात उमेदवारी करते. मी तिला आज्जीच्या जुनेरांची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "मावशी, आमच्या रजिस्टरात आता रकानाच आहे. रक्त किती गेलं, मिलीमध्ये."

"मग चादर लावून मोजता?"

"पाकिटं असली तर लावतो. संपली की कळवायचं, मग येतात."

"आणि येईपर्यंत?"

ती जरा थांबली. "येईपर्यंत सगळ्यांपुढं २०० लिहितो."